घडी न मोडलेली सायकल

'एकावर एक फुकट' अशी पाटी दिसली की आमचे साहेब काउंटरवरच्या मुलीला गंभीरपणे विचारायचे, "मला फक्त फुकटवालं मिळेल का?" मुलगी गोंधळायची आणि नाही म्हणायची. मग ते आमच्याकडे वळून मराठीत म्हणायचे, "बघितलंत? म्हणजे ते फुकट नाहीये." दोन्ही वस्तू तिथेच ठेवून बाहेर पडायचे. पाया लेबारच्या मॉलमध्ये जेवणाच्या सुट्टीत हा प्रकार मी निदान सात-आठ वेळा पाहिला. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा लाजले, तिसऱ्यांदापासून त्यांच्यापासून चार पावलं मागे राहून चालायला लागले.

सिंगापूरमधले ते माझे पहिले साहेब. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळे, आणि त्या घामट हवेतही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. मूळचे कुठले म्हणून विचारलं तर "कशाला हवंय?" असं उत्तर मिळायचं. बिशानला एका फ्लॅटमध्ये एकटे राहत, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. बाकी सगळ्या वदंता. कुणी म्हणे बायको नाशिकला असते, कुणी म्हणे लग्नच केलं नाही, कुणी म्हणे एक मुलगा आहे पण बोलत नाही. खरं काय ते मला आजही माहीत नाही. ऑफिसातले आम्ही मराठी लोक माघारी त्यांना शंकासुर म्हणायचो. त्यांना ते ठाऊक असणार. त्यांना ठाऊक नाही असं काही नसायचंच.

त्यांच्या पँटच्या खिशात शिंप्याची टेप असायची. सुट्टीवरून परत आले की आधी स्वतःचं टेबल मोजायचे. का, तर आपण नसताना ऑफिसवाले एकेक इंच जागा खातात. एकदा खरंच दोन इंच कमी भरलं, तेव्हापासून त्यांना कुणी हसून गप्प करू शकलं नाही.

आणि सही. शर्टाच्या आत बनियनला शिवून घेतलेला एक खिसा होता, त्यात त्यांचं पेन. ते पेन बाहेर येणं हा एक सोहळाच असायचा. कुठलाही कागद ते तीनदा वाचत. एकदा भरभर, एकदा ओळीवर बोट ठेवून आणि तिसऱ्यांदा शेवटाकडून सुरुवातीकडे. "लपवणारा माणूस पुढून लपवतो," ते म्हणत, "मागून गेलं की सापडतो." ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचं कार्ड सह्यांसाठी फिरायचं तेसुद्धा ते उलटसुलट करून वाचायचे आणि विचारायचे, "हे पुढे कुठे जाणार?" कुरिअरवाला त्यांचं नाव पाकिटावर दिसलं की खुर्ची ओढून बसायचा.

त्यांचं एक वाक्य मला तेव्हा फार चीड आणायचं. "देणारा हसत असेल तर आधी वाचावं."

आता माझं सांगते. मी पुण्याहून एकटी आले होते. नवरा आणि पाच वर्षांची लेक मागे राहिले होते. सिंगापुरात घरच्यांना आणायचं तर डिपेंडंट पास लागतो, आणि तो कमावणाऱ्याच्या पगारावर मिळतो. कागदावरचा महिन्याचा ठरलेला पगार एका रेषेच्या वर असेल तर घरची माणसं येतात, खाली असेल तर ती व्हिडिओ कॉलवरच राहतात. माझा पगार त्या रेषेच्या जेमतेम बोटभर वर होता. पण वर होता, म्हणून मी निर्धास्त होते. नवऱ्याने नोकरी सोडल्याची नोटीस दिली होती. पासिर रिसला ज्या कुटुंबाकडे मी खोली घेऊन राहत होते, तिथून जवळच समुद्राच्या अंगाला एक फ्लॅट मी हेरून ठेवला होता. भाडं परवडणारं, कारण स्टेशन लांब, चालत चांगली पंचवीस मिनिटं. पाया लेबारला उतरल्यावरही ऑफिस तसंच आडवाटेला. रोज दोन्ही टोकांना एवढं चालायचं आणि घरी येऊन लेकीचा अभ्यास घ्यायचा, हे गणित काही बसत नव्हतं.

ते बसवलं घडीच्या सायकलीने. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, गर्दीच्या वेळीही घडीची सायकल न्यायची परवानगी नुकतीच मिळाली होती, आणि त्याच सुमारास आमच्या कंपनीने योजना आणली. मुख्य ऑफिस लंडनला. तिथे अशी योजना चालायची, तीच जशीच्या तशी इथे उचलली. सायकल कंपनी घेणार, घाऊक भावात. आपण वर्षभर दर महिन्याला पगारातून थोडं थोडं सोडायचं, सोडलेल्या भागावर कर नाही, आणि वर्ष संपलं की सायकल आपली. एकरकमी घ्यायची ऐपत नव्हती. अशी मात्र सहज घेता येणार होती. एचआरच्या बाईंनी फुगे लावून माहिती दिली. आमचे साहेब मागच्या रांगेतून उठले आणि म्हणाले, "इथे कर तो केवढासा. मग वाचणार काय?"

बाई गोड हसल्या. "सेव्ह अ बिट, स्टिल सेव्ह, राइट?"

साहेबांनी खाली बसून वहीत काहीतरी लिहिलं. शेजारच्याने नंतर सांगितलं की त्यांनी फक्त 'हसली' एवढंच लिहिलं होतं.

त्याच संध्याकाळी मी लेकीला फोनवर सायकलीचं चित्र दाखवलं. तिला तिची घडी होते हेच खरं वाटेना. "आई, म्हणजे साडीसारखी?" मी हो म्हटलं. "मग घडी मी मोडणार," ती म्हणाली. घरी नवीन साडीची घडी कुणी मोडायची यावरून माझ्यात आणि माझ्या बहिणीत होणारी भांडणं तिने ऐकली होती. मी कबूल केलं.

अर्जावर साहेबांची सही हवी होती. मी सोमवारी कागद दिला, मंगळवारी विचारलं, बुधवारी पुन्हा विचारलं. गुरुवारी त्यांनी मलाच विचारलं, "घरच्यांचा अर्ज कधी करणार आहेस?"

"पुढच्या महिन्यात."

"मग आधी त्यांना येऊ दे. सायकल नंतर घे."

मला वाटलं, झालं सुरू. आईने मुलीचं बघावं, सायकली कसल्या उडवतेस, असलं काहीतरी पोटात असणार. मी म्हटलं, "सर, तो माझा प्रश्न आहे."

"बरं. तुझ्या पत्रावर पगार किती लिहिलाय?"

आता सिंगापुरात काय किंवा पुण्यात काय, दुसऱ्याचा पगार असा तोंडावर विचारत नाहीत. आणि साहेब असले तरी पगाराचे आकडे एचआरकडे असत, त्यांच्याकडे नसत. मी सांगितला नाही. का विचारतोय हे सांगायची त्यांची रीतच नव्हती. कारण सांगितलं की समोरचा कारणाभोवतीच भिंत बांधतो, असं त्यांचं मत. पेन काही बनियनमधून बाहेर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एचआरच्या काचेच्या खोलीत पाहिलं. टेबलावर फाईल उघडी, फाईलवर माझा फोटो. मला पाहताच त्यांनी फाईल मिटली. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझ्या जागी दुसरं कुणीतरी आणायचं असेल. तू लेखी दे, गप्प बसू नकोस." त्याचा तरी काय दोष, त्याच्या नोटिशीचे पंधरा दिवस उरले होते. मग मला सगळंच जुळत गेलं. माझ्या टेबलापाशी त्यांचं घुटमळणं, घरचे कधी येणार ही चौकशी, एकदा मी नसताना माझ्या खुर्चीजवळ टेप घेऊन उभं असणं. संशयी माणसाच्या हाताखाली वर्षभर काम केलं की त्याची नजर आपल्याला लागते. मी त्याच नजरेने त्यांच्याकडे पाहिलं आणि मला हवं ते सगळं दिसलं.

मी तक्रार केली. वरच्या साहेबांना लेखी दिलं की हे माझ्या खाजगी कागदांत नाक खुपसतात, हक्काचा अर्ज अडवून ठेवतात आणि माझ्या कुटुंबाबद्दल नको ते प्रश्न विचारतात. शब्द चांगले टोकदार निवडले होते. आठवडाभरात टीममधल्या लोकांचे अर्ज, रजा, बढत्या हे सगळं त्यांच्याकडून काढून शेजारच्या मॅनेजरकडे दिलं गेलं. तो हसतमुख गृहस्थ. त्याने माझ्या अर्जावर फोनवर बोलता बोलता सही केली. एचआरने दिलेल्या करारावर मीही केली. बारा पानं होती. मी पहिलं आणि शेवटचं पाहिलं.

साहेबांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही. मी त्यांच्या टेबलासमोरून गेले की ते आधीसारखेच म्हणायचे, "जेवलीस?" मी त्यातही काहीतरी शोधत राहायचे.

सायकल आली. निळी, घट्ट घडी घातलेली, बिजागरीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली. मी ती खोलीत पलंगाशेजारी उभी केली आणि पट्टीला हात लावला नाही. घडी लेक मोडणार होती.

मग घरच्यांचा अर्ज भरायला मी एचआरच्या बाईंकडे गेले. त्यांनी माझी नवी पगाराची ओळ पडद्यावर उघडली, थोडं खाली गेल्या, थोडं वर आल्या आणि म्हणाल्या, "अय्यो, धिस वन कॅनॉट लाह."

"कॅनॉट म्हणजे?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. सायकलीच्या करारात लिहिलं होतं की वर्षभरापुरता माझा ठरलेला पगार तेवढ्याने कमी धरला जाईल. कमी धरला होता. मी रेषेच्या बोटभर वर होते, ती आता बोटभर खाली आले होते. करार वर्षभर मोडता येत नव्हता. म्हणजे नवरा आणि लेक वर्षभर येऊ शकत नव्हते. नवऱ्याची नोटीस त्या शुक्रवारी संपत होती, भाड्याचं घर सोडून झालं होतं आणि लेकीने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

मी बाहेर आले आणि प्रिंटरच्या आडोशाला उभी राहून रडले. पगार किती, हे त्यांनी का विचारलं होतं ते मला तेव्हा कळलं. फाईल का उघडली होती तेही कळलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि लाजेच्या खाली राग होता, की मग सरळ तोंडाने सांगायला काय झालं होतं?

ते समोर उभे होते. हातात माझ्या कराराची प्रत. कुठून मिळवली देव जाणे.

"कलम अकरा," ते म्हणाले. "मागून वाचत आलो, हे सापडलं तिथेच थांबलो. मुदतीच्या आत करार दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या नावावर करता येतो. तू मोकळी होतेस, पगार मूळपदावर येतो. या महिन्याच्या पगाराची यादी चार वाजता बंद होते. आता सव्वातीन झालेत."

"पण कुणाच्या नावावर, सर? ज्याला विचारीन त्याचा पगार कमी होणार."

"होऊ दे. माझ्या पगारावर कुणाचा पास नाही."

हे ते 'आज बुधवार' म्हणावं तसं म्हणाले आणि चालायला लागले. मी मागोमाग गेले. बाईंनी नव्या नावाचा करार छापला. तीच बारा पानं. त्यांनी सवयीने साहेबांसाठी खुर्ची ओढली आणि स्वतःच्या चहाकडे वळल्या. साहेब बसले नाहीत. बनियनच्या खिशातून पेन काढलं, गठ्ठा उलटा केला, शेवटचं पान काढलं आणि सही केली.

बाईंचा कप हातातच राहिला. "अंकल, यू नॉट रीडिंग आह?"

"फोर ओ'क्लॉक," ते घड्याळाकडे बोट करून म्हणाले.

माणसाचं मन किती हलकट असतं बघा. लिफ्टमध्ये डोळे पुसतापुसताच माझ्या डोक्यात आलं, घाऊक भावात सायकल तर मिळाली यांना. कदाचित पहिल्यापासून हेच हवं असेल. म्हणूनच माझी सही अडवली असेल. दुसऱ्या दिवशी सायकल त्यांच्या हवाली करताना मी जरा घुश्शातच म्हटलं, "जपून वापरा. घडी माझी मुलगी मोडणार होती."

त्यांनी टेप काढून सायकल मोजली, एमआरटीच्या नियमात बसते हे पाहिलं, आणि "बरं" म्हणाले.

पुढे जे सुरू झालं त्याने आख्ख्या ऑफिसची करमणूक झाली. साहेब रोज सकाळी सायकल घेऊन यायचे, पण घडी घातलेलीच. बिशानहून सर्कल लाइनच्या गर्दीत ती छातीशी धरून उभे राहायचे, पाया लेबारला उतरून हातात उचलून ऑफिसपर्यंत आणायचे, टेबलाखाली ठेवायचे आणि संध्याकाळी तशीच उचलून परत न्यायचे. दर शंभर पावलांवर हात बदलायचे. त्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाची पाठ भिजून काळी व्हायची. हसतमुख मॅनेजरने एकदा विचारलंच, "सर, व्हाय नॉट राइड?"

"कलम नऊ. सायकल मुख्यतः कामावर जाण्यायेण्यासाठी असावी," त्यांनी इंग्रजीत सांगितलं. "जाते आणि येते. चालवली पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नाही."

सही केल्यावर घरी जाऊन त्यांनी करार तीनदा वाचला होता तर! कलम नऊ त्यांना तेव्हा सापडलं. कुणीतरी तपासायला येईल या शंकेने ते वर्षभर ते धूड वाहत होते, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. बिजागरीवर भरवसा नसेल, असाही एक तर्क होता. कुणी म्हणे त्यांना सायकल येतच नाही.

माझे नवरा आणि लेक दोन महिन्यांत आले. समुद्राकडचा फ्लॅट घेतला, सायकलीऐवजी स्टेशनपर्यंतच्या बसची वाट बघायला शिकले. लेकीने आल्या आल्या विचारलं, "सायकल कुठंय?" मी सांगितलं की ऑफिसच्या एका काकांकडे आहे. तक्रारीबद्दल मी साहेबांची माफी मागायला हवी होती. दहा वेळा ठरवलं आणि दहाही वेळा "जेवलात का, सर?" एवढंच विचारून परत आले.

वर्ष संपून वर थोडे महिने गेले असतील. त्यांनी नोकरी सोडायची ठरवली, भारतात परत जाणार म्हणाले. कुठे, ते अर्थातच सांगितलं नाही. एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे पासिर रिसला आले. न कळवता. एका हातात सायकल, दुसऱ्या हातात पाकीट.

"करार संपला. आता ही माझ्या मालकीची," ते दारातूनच म्हणाले. "हा कागद. माझ्याकडून तुला. खाली सही कर."

मी चहा ठेवला आणि कागद घेऊन बसले. एकच ओळ होती. एकदा भरभर वाचली. मग बोट ठेवून वाचली. मग शेवटाकडून. नवरा माझ्याकडे बघत राहिला, कारण हे मी कधीपासून करायला लागले ते त्यालाही ठाऊक नव्हतं. साहेब मात्र खुर्चीत निवांत बसून चहा पीत होते. इतके समाधानी मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

सही केली आणि धीर करून म्हटलं, "सर, ती तक्रार मी केली होती."

"माहितीये. मला दाखवली होती. तारीख घालायला विसरली होतीस."

"तारीख?"

"तारीख नसलेल्या कागदाला किंमत नसते. एवढं एक सांगितलं असतं तर ती तिथेच बाद झाली असती."

"मग सांगितलं का नाही?"

"पुन्हा लिहून द्यावी लागली असती तुला. तेव्हा तुझ्यामागे इतकी धावपळ होती."

तेवढ्यात लेक सायकलीभोवती फिरून आली. वर्षभरात तिची मराठी निम्मी राहिली होती. "अंकल, कॅन ओपन ऑर नॉट?"

"कॅन," साहेब म्हणाले. "तूच उघडायची."

तिने वाकून बिजागरीवरची पट्टी नखाने खरवडली. तीच पारदर्शक पट्टी, पासिर रिसच्या खोलीत मी पाहिली होती तशीच, एका कडेलाही न उचकटलेली. वर्षभर लोकांच्या कोपरांतून, घामातून वाहून आणली तरी तशीच. टर्रकन ती निघाली. खटका वाजला, सायकल हळूहळू लांब होत उभी राहिली आणि लेक किंचाळत तिच्यावर चढायला लागली. पाय पोचत नव्हते तरी.

मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. टेप त्यांनी आमच्या दाराच्या चौकटीला एकदा लावून पाहिली, सवयीने. लिफ्ट येत होती. मी विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्ही करार का वाचला नाहीत? सव्वातीनच वाजले होते. पाऊण तास होता."

ते लिफ्टमध्ये गेले, बटण दाबलं आणि दार मिटायच्या आत म्हणाले, "वाचला असता तर सही केली नसती."